रवांडात शेजाऱ्याच्या हातातला कोयता

प्रश्न असा आहे: १९९४ साली रवांडात शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले गेले आणि मारणाऱ्यांत त्यांचेच शेजारी होते. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असल्याशिवाय हे कसं होईल? आणि त्याला जोडून: वंशसंहार सगळीकडे एकाच तऱ्हेनं घडतो, की काळाप्रमाणे बदलतो?

मी एम. ए.च्या वर्गाला विसाव्या शतकाचा इतिहास शिकवतो, त्याला आता २२ वर्षं झाली. रवांडावरचा प्रश्न पेपरात आला की निम्म्या उत्तरपत्रिकांचं पहिलं वाक्य एकच असतं: 'हुतू आणि तुत्सी या दोन जमातींत पूर्वापार वैर होते.' हे गाईडातलं वाक्य. मी त्याखाली लाल पेनानं एकच शब्द लिहितो: 'कधीपासून?'

आधी देश डोळ्यांपुढे आणा. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर जेवढं क्षेत्रफळ होईल, जवळपास तेवढा रवांडा. सगळा डोंगराळ. आपल्यासारखं गावठाण तिथे नसायचं. डोंगरउतारावर केळीच्या बागेत एकेक सुटं घर, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. १९९१ च्या जनगणनेत वस्ती ७१ लाखांच्या आसपास. त्यात बहुसंख्य हुतू, थोडे तुत्सी, अगदी मोजके त्वा. भाषा सगळ्यांची एकच, किन्यारवांडा. चर्च एक, बाजार एक, आणि आपसात लग्नंही होत. तुत्सींचा वेगळा मुलूख किंवा वेगळी वाडी असं काही नव्हतं.

मग भेद नव्हताच का? होता. हल्ली काही लोक 'सगळं गोऱ्यांनी रचलं' म्हणून मोकळे होतात, तेही गाईडातल्या वाक्याइतकंच आळशी उत्तर आहे. राजा तुत्सी, दरबार तुत्सी, गुरंढोरं ज्यांच्याकडे तेही बहुतेक तुत्सी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राजा र्वाबुगिरीच्या काळात जमिनीच्या बदल्यात करायची वेठबिगार आली, ती हुतूंच्याच वाट्याला. म्हणजे वर-खाली होतं, राग होता. पण ही रेघ ओलांडता येत होती. गुरं आणि मान मिळवून हुतूपण मागे टाकणाऱ्यासाठी किन्यारवांडात 'क्विहुतुरा' असा खास शब्दच आहे. आणि माणसाचं कूळ त्या भाषेत 'उब्वोको'. एकाच उब्वोकोत हुतूही असत आणि तुत्सीही. आपल्याकडे एकाच कुळात जमीनदार शाखा आणि कंगाल शाखा असते, तसं काहीसं.

हा 'उब्वोको' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

जर्मन आले, १९१६ मध्ये त्यांच्या जागी बेल्जियन आले. त्यांच्यासोबत एक सिद्धांतही आला. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकनं १८६३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं होतं की आफ्रिकेच्या या भागातले राजे-रजवाडे मूळचे तिथले नाहीत, ते इथिओपियाकडून आलेल्या वरच्या वंशाचे. युरोपात तो काळच नाकं-कपाळं मोजून माणसांची प्रतवारी करण्याचा होता. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी रिस्लेनं जातींची नाकं मोजली, तो याच शाळेतला. तर तुत्सी म्हणजे बाहेरून आलेला, उंच, राज्य करायला जन्मलेला. हुतू म्हणजे मूळचा, राबणारा. मिशनऱ्यांच्या शाळांत हेच शिकवलं गेलं. हुतूंनाही हेच शिकवलं, याचा विसर पडू देऊ नका, कारण पुढे 'बाहेरून आलेला' हाच शब्द त्यांनी तुत्सींवर उलटवला.

१९३३-३४ मध्ये शिरगणती झाली आणि प्रत्येकाला ओळखपत्र मिळालं. ज्याच्याकडे दहा गाई तो तुत्सी, अशी एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ऐकायला झकास आहे, पण नोंदणी बरीचशी तोंडी सांगण्यावर आणि मुखिया-पाद्र्यांच्या माहितीवर झाली. महत्त्वाचं हे की एकदा लिहिलं ते लिहिलं. बाप जो असेल तो मुलगा. क्विहुतुराचा रस्ता बंद झाला.

त्या ओळखपत्राच्या नंतरच्या नमुन्याचा फोटो मी वर्गात पडद्यावर दाखवतो. घडीचं जाडसर कागदाचं कार्ड, आत माणसाचा फोटो, आणि एका ओळीवर छापलेलं: उब्वोको. पुढे चार पर्याय, हुतू, तुत्सी, त्वा आणि नागरिकत्व घेतलेला परदेशी. कारकुनानं लागू नसलेले पर्याय खोडायचे. कुळासाठीचा जुना शब्द उचलून त्याच्यात नवा अर्थ भरला, तो असा. १९९४ मध्ये रस्त्या-रस्त्यावर जे नाके लागले तिथे पहिली मागणी या कार्डाची होती. चेहऱ्यावरून हुतू-तुत्सी ओळखता येत असते तर कार्ड कशाला लागलं असतं? वर्गात हा प्रश्न विचारला की पूर्वापार वैराचं वाक्य पुन्हा कोणी म्हणत नाही. निदान त्या दिवशी तरी.

१९५० च्या दशकात वारं फिरलं. बेल्जियनांनी आणि चर्चनं आपला हात तुत्सी दरबारावरून काढून शिकलेल्या हुतूंच्या डोक्यावर ठेवला. १९५७ मध्ये हुतू पुढाऱ्यांनी जाहीरनामा काढला. त्यात बहुमताच्या हक्काची मागणी होती आणि ओळखपत्रांवरचा वंश काढू नये असाही आग्रह होता, कारण तो काढला तर अन्याय मोजणार कसा? नोव्हेंबर १९५९ मध्ये एका हुतू उपप्रमुखावर हल्ला झाला आणि भडका उडाला. घरं जाळली गेली, शेकडो मेले, हजारो तुत्सी युगांडा, बुरुंडी, कांगोत पळाले. १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला, राष्ट्राध्यक्ष ग्रेग्वार कायिबांदा.

इथून पुढे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, कारण बदल पाहायला वेगवेगळे देश फिरायची गरज नाही. रवांडातच ३५ वर्षांत तऱ्हा पायरी-पायरीनं बदलली.

१९५९ मध्ये हेतू हाकलण्याचा होता. घर जाळा, गुरं घ्या, माणूस सीमेपार गेला की झालं. डिसेंबर १९६३ मध्ये पळालेल्यांतल्या काही सशस्त्र टोळ्या बुरुंडीतून चाल करून आल्या, राजधानीच्या दिशेनं सरकल्या आणि मागे रेटल्या गेल्या. हे लोक रात्री हल्ला करून दिवसा गायब होत, म्हणून त्यांना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळं म्हणत. सरकारनं त्याचा सूड देशात मागे राहिलेल्या, कशातच नसलेल्या तुत्सींवर घेतला. एकट्या गिकोंगोरो प्रांतात काही आठवड्यांत हजारो मारले, बायकामुलांसकट. ब्रिटनमध्ये बर्ट्रांड रसेलनी ज्यूंच्या संहारानंतरचं हे सर्वांत पद्धतशीर हत्याकांड असल्याचं म्हटलं. पुढे काय? कोणालाही शिक्षा नाही. मदतही थांबली नाही.

माझ्या मते सगळ्या कहाणीची किल्ली १९६३-६४ मध्ये आहे. बाहेरच्या शत्रूनं हल्ला केला की आतल्या माणसाला मारायचं, प्रशासनानं ते घडवून आणायचं आणि त्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, हा धडा तेव्हा गिरवून झाला.

१९७३ मध्ये सेनाप्रमुख ज्युवेनाल हब्यारिमाना सत्तेवर आले. त्यांच्या राजवटीत बराच काळ रक्तपात नव्हता, पण शाळा, नोकऱ्यांत तुत्सींना टक्केवारीचं कुंपण होतं आणि सैन्यात जवळपास बंदीच. परदेशी देणगीदारांना हा देश फार आवडायचा. रस्ते चांगले, कारकून वक्तशीर, भ्रष्टाचार कमी. जन्मलेलं प्रत्येक मूल एकमेव पक्षाचं सदस्य. देशाचे प्रांत, त्याखाली १४५ कम्यून, प्रत्येक कम्यूनला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला बुर्गमेस्त्र. हा अधिकारी म्हणजे आपल्याकडचा तहसीलदार आणि सरपंच एकात घातल्यासारखा: नेमणूक वरून, पण माणूस तिथलाच. त्याच्याखाली टेकडीवार सदस्य, आणि सगळ्यांत खाली दहा घरांमागे एक म्होरक्या. कोण कुठे राहतो, कोणाकडे पाहुणा आला, कोण गाव सोडून गेला, सगळं दप्तरात. आठवड्यातून एक दिवस 'उमुगांडा', म्हणजे सक्तीचं श्रमदान: चर खणा, झुडपं तोडा, बांध घाला. न गेल्यास दंड. उत्तम प्रशासन म्हणून ज्याचं कौतुक होत होतं, तीच यंत्रणा १९९४ मध्ये वापरली गेली.

१९८९ मध्ये जागतिक कॉफी करार मोडला आणि कॉफीचे भाव कोसळले. रवांडाचं परकीय चलन बहुतेक कॉफीवरच. १ ऑक्टोबर १९९० ला युगांडात वाढलेल्या निर्वासितांच्या मुलांची फौज, रवांडा देशभक्त आघाडी, सीमा ओलांडून आत आली. युद्ध सुरू झालं. त्याच महिन्यात किबिलिरात, जानेवारी १९९१ मध्ये वायव्येला, मार्च १९९२ मध्ये बुगेसेरात तुत्सींच्या कत्तली झाल्या. प्रत्येक वेळी शेकडो मेले, प्रत्येक वेळी स्थानिक अधिकारी पुढे होते, आणि काही ठिकाणी लोकांना चक्क उमुगांडा म्हणून बोलावलं होतं: 'झाडोरा साफ करायचा आहे.' बुगेसेरातल्या न्यामाटात अँतोनिया लोकातेली नावाची एक इटालियन स्वयंसेविका होती. ही उत्स्फूर्त दंगल नाही, बाहेरून आणलेली माणसं मारतायत, असं तिनं फोनवरून परदेशी रेडिओला सांगितलं. त्यानंतर लगेच तिला गोळी घातली. तिची कबर न्यामाटाच्या चर्चशेजारीच आहे.

हे चर्च लक्षात घ्या. १९९२ मध्ये तिथे आसरा घेतलेले बरेच जण वाचले होते. त्याआधीही चर्चच्या आवारात जो पोहोचला तो सुटला, असा अनुभव होता. म्हणून एप्रिल १९९४ मध्ये लोक पुन्हा तिथेच धावले. फरक हा की आता मारणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, आणि काही ठिकाणी अधिकाऱ्यांनीच 'चर्चमध्ये जमा, तिथे सुरक्षित राहाल' असं सांगून लोक गोळा केले. आधी सैनिक किंवा पोलिसांनी बाँब टाकून दार फोडायचं आणि मग कोयतेवाल्यांनी आत शिरायचं. न्यामाटाच्या त्या चर्चमध्ये आज बाकांवर मेलेल्यांच्या कपड्यांचे ढीग ठेवलेत. मातीच्या रंगाचे झालेत सगळे, पण मधूनच एखादा फुलाफुलांचा झगा ओळखू येतो.

आधीचा आसरा पुढच्या वेळी सापळा होतो. पळणाराही मागच्या वेळेवरून शिकतो आणि मारणाराही, आणि मारणाऱ्याला वरून मदत असते.

युद्धाचं महत्त्व नीट समजून घ्या, कारण तिथेच द्वेषाचा सिद्धांत तोकडा पडतो. १९९३ च्या ऑगस्टमध्ये टांझानियातल्या अरुशात शांतता करार झाला. त्यानं सैन्यात आणि मंत्रिमंडळात देशभक्त आघाडीला मोठा वाटा दिला. म्हणजे हब्यारिमानांभोवतीच्या वायव्येकडच्या टोळक्याची सत्ता, कंत्राटं, सैन्यातली पदं सगळं जाणार होतं. त्यानंतर अडीच महिन्यांनी शेजारच्या बुरुंडीत तिथले पहिले निवडून आलेले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्कियोर न्दादाये यांना तुत्सी सैन्याधिकाऱ्यांनी मारलं आणि लाखो हुतू निर्वासित रवांडात आले. 'बघा, तुत्सींच्या हातात बंदूक गेली की असं होतं,' हे सांगायला आता पुरावा होता. भीती खोटी नव्हती. ती कोणाकडे वळवायची, हे ठरवणारे मात्र मूठभर होते.

त्यांच्या हातात एक नवा रेडिओ होता, आरटीएलएम, जुलै १९९३ मध्ये सुरू झालेला. सरकारी रेडिओ रटाळ. यावर गाणी, चावटपणा, टपरीवरच्या गप्पांसारखं बोलणं, आणि त्यातूनच नावं घेऊन 'अमुक जण शत्रूचा साथीदार, अमुक गल्लीत राहतो'. मारण्याला शब्द होता 'गुकोरा', काम करणं. याच्या संस्थापकांत फर्दिनां नाहिमाना होते. शिक्षणानं इतिहासकार, पॅरिसची डॉक्टरेट, राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक. माझ्या व्यवसायातलं हे नाव मी दर वर्षी वर्गात मुद्दाम घेतो.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री हब्यारिमानांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं, बुरुंडीचे नवे राष्ट्राध्यक्षही त्यात गेले. कोणी पाडलं यावर आजही भांडणं आहेत, मी त्यात शिरत नाही, कारण पुढे जे झालं त्याचं स्पष्टीकरण विमानात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना यांना मारलं. त्या स्वतः हुतू होत्या. त्यांच्या पहाऱ्यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या दहा बेल्जियन सैनिकांनाही मारलं. संहार करणाऱ्यांनी पहिल्या फेरीत स्वतःच्याच समाजातले अडथळे दूर केले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. पूर्वापार वैरानंच सगळं झालं असतं तर देशभर एकदम पेटलं असतं. तसं झालं नाही. दक्षिणेतल्या बुतारे प्रांतात तुत्सींची संख्या सर्वांत मोठी, आणि तिथे जवळपास दोन आठवडे मोठी कत्तल नाही. कारण तिथला प्रांतप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हब्यालिमाना. नाव जवळपास राष्ट्राध्यक्षांचंच, पण हा तुत्सी, आणि देशातला एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख. त्यानं बैठका घेतल्या, नाके लावू दिले नाहीत. आजूबाजूच्या प्रांतांतून लोक पळून बुतारेत येत होते. मग हब्यारिमानांनंतर आलेल्या हंगामी सरकारनं त्याला पदावरून काढलं. १९ एप्रिलला नव्या प्रमुखाच्या नेमणुकीच्या समारंभाला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः आले. ते मूळचे बुतारेचेच. त्यांनी भाषणात सांगितलं की 'हे माझं काम नाही' असं म्हणत बसणाऱ्यांनी बाजूला व्हावं. 'मारा' हा शब्द उच्चारावाही लागला नाही. लगेच कत्तली सुरू झाल्या, आणि बुतारेत मेलेल्यांची संख्या देशात सर्वांत मोठ्यांपैकी ठरली. हब्यालिमानालाही नंतर मारलं.

माणसं तीच, टेकड्या त्याच, द्वेष असेल तर तोही तेवढाच. बदलली ती खुर्चीवरची व्यक्ती.

दुसरा दाखला शेजारच्या गितारामा प्रांतातल्या ताबा कम्यूनचा. तिथला बुर्गमेस्त्र ज्याँ-पॉल अकायेसू आधी शाळामास्तर, मग शाळा तपासनीस, विरोधी पक्षाचा, लोकांत मान असलेला. बाहेरून येणाऱ्या इंटरहाम्वेंना, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या तरुण टोळ्यांना, त्यानं सुरुवातीला अडवलं. १८ एप्रिलला नवे पंतप्रधान कांबांदा यांच्या हंगामी सरकारनं प्रांतातल्या बुर्गमेस्त्रांची बैठक बोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे अकायेसू गावात जमलेल्या लोकांपुढे उभा राहिला आणि शत्रूच्या साथीदारांना संपवा म्हणाला. त्यानंतर कम्यूनच्या कचेरीच्या आवारात, जिथे लोक आसऱ्याला आले होते, तिथेच मारहाण, बलात्कार, खून झाले. तो बघत होता.

एका बैठकीत माणूस एवढा कसा फिरतो? तो राक्षस झाला असं मला वाटत नाही. वारं कुठे वाहतंय आणि आपली खुर्ची, कदाचित आपला जीव, कशावर अवलंबून आहे याचा त्यानं हिशोब केला. त्याच्या खालच्यांनीही तोच केला. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती संशोधकांनी पुढे मोठ्या संख्येनं घेतल्या. त्यांत कट्टर तुत्सीद्वेष्टे निघाले, पण बहुतेक जण साधे शेतकरी, बायकापोरं असलेले, तुत्सी शेजाऱ्याशी आधी बरं असलेले. कारणं काय? देशभक्त आघाडी येऊन आपल्याला मारेल ही भीती. न गेलास तर तूच साथीदार, असा गटाचा दम. नाक्यावर न येणाऱ्याला दंड, कधी मार, आणि तुत्सी लपवणाऱ्याला मरण. आणि शेजाऱ्याची जमीन, घरावरचे पत्रे, गाय. ज्या देशात सरासरी शेती एका हेक्टराच्या आत, तिथे हे मोहाचं आहे. पण दाट वस्ती हेच मूळ कारण, हे म्हणणं मला पटत नाही. लोभानं लुटीला हात लागले, बैठका लोभानं बोलावल्या नव्हत्या.

आकडे: बहुतेक अभ्यासक ५ ते ८ लाखांच्या दरम्यान धरतात, रवांडा सरकार १० लाखांहून अधिक सांगतं. बहुसंख्य माणसं पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच गेली. जुलैत देशभक्त आघाडीनं देश जिंकला तेव्हा ते थांबलं. बाहेरच्या जगानं थांबवलं नाही. संयुक्त राष्ट्रांची सुमारे अडीच हजारांची फौज तिथे होती. तिला मंजुरी मिळाली ५ ऑक्टोबर १९९३ ला, सोमालियातल्या मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मेले त्यानंतर अवघ्या दोनच दिवसांनी, तेव्हा अमेरिकेची तयारी किती असणार ते बघा. जानेवारी १९९४ मध्येच कमांडर डॅलेर यांनी शस्त्रसाठ्यांची आणि याद्यांची खबर न्यूयॉर्कला कळवली होती. साठे जप्त करायची परवानगी मिळाली नाही. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं फौज २७० वर आणायचं ठरवलं. त्याच दिवशी पहाटे मुराम्बीच्या अर्धवट बांधलेल्या तांत्रिक शाळेत हजारोंची कत्तल झाली. आणि त्या वर्षी सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांत रवांडा स्वतः होता. कत्तल करणाऱ्या सरकारचा परराष्ट्रमंत्री १७ मे रोजी तिथे भाषण करून गेला. 'वंशसंहार' शब्द वापरला तर काहीतरी करावं लागेल, म्हणून अमेरिकेचे प्रवक्ते 'वंशसंहाराची कृत्यं' अशी शब्दांची कसरत करत राहिले.

शब्दावरून आठवलं. मराठी वर्तमानपत्रांत नरसंहार, हत्याकांड, वंशसंहार सरसकट एकाच अर्थी वापरतात. कायद्यात तसं नाही. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानं १९४४ मध्ये शब्द घडवला, ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असेल तर वंशसंहार. किती मेले हा निकष नाही, हेतू हा आहे. राजकीय गट त्यातून वगळले, सोव्हिएत रशिया आणि इतर काही देशांना ते नको होतं. भारतानं १९५९ मध्ये करार पक्का केला, पण त्यासाठीचा देशी कायदा आजतागायत केलेला नाही. नव्या न्यायसंहितेतही या गुन्ह्याचं कलम नाही. हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसतं.

या व्याख्येखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोषी ठरलेला जगातला पहिला माणूस म्हणजे ताबाचा तोच मास्तर, अकायेसू. २ सप्टेंबर १९९८, अरुशातलं रवांडासाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण. तिथे न्यायालयापुढे पेच असा होता की तुत्सी हा वेगळा वांशिक गट म्हणायचा कसा, भाषा-संस्कृती तर एकच? न्यायाधीशांनी आधार घेतला तो इतर गोष्टींबरोबर ओळखपत्रावरच्या त्या ओळीचा. जे शासनानं लिहून ठेवलं आणि लोकांनी जगून खरं केलं, ते गुन्ह्यापुरतं खरं. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. साक्षीला आलेल्या एका बाईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दल ओघात सांगितलं. खंडपीठावर तीन न्यायाधीश, त्यांत एकच स्त्री, डरबनच्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. तो धागा तिथे सुटला नाही, आरोपपत्र दुरुस्त झालं, आणि बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो हे पहिल्यांदा निकालात आलं.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारनं आर्मेनियनांना तारेनं हुकूम धाडून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. मारण्याचं अर्धं काम चालण्यानं आणि तहानेनं केलं. नाझींनी ते रेल्वे आणि कारखान्याच्या शिस्तीत बसवलं, बहुसंख्य जर्मनांच्या नजरेआड. रवांडात ते उलट होतं, सगळ्यांच्या नजरेसमोर आणि जमेल तितक्यांच्या हातून, म्हणजे नंतर बोट दाखवायला कोणी उरू नये. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सुमारे ८ हजार पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले, बायकांना बसमध्ये घालून पाठवलं. म्यानमारमध्ये २०१७ साली ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले. तिथे आरटीएलएमचं काम फेसबुकनं केलं, आणि आपण पुरेसं काही केलं नाही हे कंपनीनं २०१८ मध्ये मान्यही केलं. त्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो गांबिया, पश्चिम आफ्रिकेतला एक छोटासा देश, आणि तिथला तेव्हाचा कायदामंत्री रवांडाच्या न्यायाधिकरणात वकिली करून आलेला. साधनं बदलतात. पण युद्ध किंवा सत्ता जाण्याची धास्ती, आधीच्या कत्तलीला न झालेली शिक्षा, आणि माणसं मोजून ठेवलेलं दप्तर, हे मला जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडतं. कोणत्याही देशाबद्दल विचाराल तर मी लोकांच्या मनात द्वेष किती, हे शेवटी बघतो. आधी बघतो की मागच्या दंगलीचे खटले कुठवर आले.

रवांडात खटले चालले, तेही अफाट संख्येनं. तुरुंगात लाखाहून अधिक माणसं कोंबलेली, न्यायाधीश बहुतेक मेलेले किंवा परागंदा. म्हणून सरकारनं 'गचाचा' ही गावच्या पंचायतीची जुनी रीत नव्या कायद्यात बसवली. गचाचा म्हणजे गवत, गवतावर बसून होणारा निवाडा. सुमारे १२ हजार अशी न्यायालयं, २०१२ पर्यंत जवळपास २० लाख प्रकरणं. कबुली दिली आणि प्रेतं कुठे पुरलीत ते दाखवलं तर शिक्षा कमी. त्यातून कित्येकांना आपल्या माणसाची हाडं मिळाली. खोट्या साक्षी झाल्या, जुनी भांडणं उकरली गेली, आणि देशभक्त आघाडीच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांपुढे आल्याच नाहीत, हेही तितकंच खरं. ओळखपत्रावरून उब्वोकोची ओळ आता गेली आहे.

आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारलंत ते शेजारी? २०१८ मध्ये, गचाचा बंद होऊन सहा वर्षं उलटल्यावर, किगालीजवळच्या काबुगात मोठे खड्डे सापडले. आत हजारो माणसांचे अवशेष. वर लोकांची घरं उभी होती, परसात भाजी लावलेली. आसपासच्या काहींना २४ वर्षं ठाऊक होतं.